अंग गार पडण्याआधीच हुडहुडी का भरते?

तुमचा प्रश्न असा: हायपोथॅलॅमसमधल्या (शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातल्या) पेशी भोवतालच्या रक्ताचं तापमान ओळखत असतील, तर गार वाऱ्यात गेल्यागेल्या, आत ३७ अंश कायम असताना हुडहुडी का भरते?

कारण त्या पेशी फक्त रक्तावर चालत नाहीत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मांजरांमध्ये दिसलं, की हायपोथॅलॅमसच्या पुढचा प्रीऑप्टिक भाग थोडा गरम केला की काही पेशींचे विद्युत-स्पंद वाढतात. पण अशा उष्णता-संवेदी पेशी तिथे साधारण तीनात एक. उरलेल्या बहुतेकींना तापमानाशी देणंघेणं नसतं. गारव्याने स्पंद वाढवणाऱ्या तर मोजक्याच, आणि प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेल्या मेंदूच्या पातळ कापात सिनॅप्स (पेशीपेशींमधले निरोपांचे सांधे) बंद पाडले की त्यांची संवेदना मावळते. उष्णता-संवेदी पेशींची मात्र टिकते. म्हणजे गारवा ‘ओळखणारी’ पेशी शेजारणीच्या निरोपांवरच जगते.

बाहेरचे निरोप येतात त्वचेकडून, मज्जारज्जूमार्गे मेंदूस्तंभातल्या पॅराब्रेकियल केंद्रकात (चेतापेशींच्या एका पुंजक्यात) आणि तिथून वर. २००८ साली नाकामुरा आणि मॉरिसन या संशोधकांनी गारव्याचा हा रस्ता प्रयोगातल्या उंदरांमध्ये दाखवला. त्वचा गार झाली की उष्णता-संवेदी पेशी मंदावतात, खालच्या केंद्रांवरचा त्यांचा लगाम सैल होतो, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरू लागतात. रक्त गार होण्याची वाट बघितली जात नाही.

मला यातला सर्वांत रंजक भाग वाटतो तो बूलांट आणि हार्डी यांचं सशांवरचं १९७४चं काम. त्वचा किंवा मज्जारज्जू गरम केल्यावर प्रीऑप्टिक पेशींचे स्पंद तर बदललेच, शिवाय मेंदूच्या स्वतःच्या तापमानाला त्या किती दाद देतात तेही बदललं. बाहेरून भरपूर उत्तेजना मिळणारी पेशी आधीच जोरात चाललेली असते. मेंदू आणखी तापला तर ती फारशी वाढत नाही, निवला तर मात्र चटकन उतरते. जिला बाहेरून फारसं काही मिळत नाही, ती मेंदू तापल्यावरच जागी होते. एकाच भागात हे दोन्ही प्रकार असल्याने नियंत्रणाचा पल्ला रुंदावतो.

झोपेचाही असर होतो. गाढ झोप लागताना यातल्या अनेक पेशींचे स्पंद वाढतात, तर स्वप्नांच्या झोपेत त्यांची तापमान-संवेदना बरीच ओसरते.

आणि तापात थंडी वाजते ती प्रोस्टाग्लँडिन ई२ या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनामुळे. ते याच भागातल्या पेशींना मंदावतं, मग त्वचा गार झाल्यासारखाच सगळा प्रतिसाद सुरू होतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करतं, म्हणून ताप उतरतो. उष्माघातात ही साखळीच नसते, त्यामुळे तिथे ती गोळी उपयोगाची नाही. शरीर बाहेरूनच थंड करावं लागतं.