टॅक्टिकल स्ट्रेंथ ट्रेनिंगने मन खरंच कणखर होतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: सैनिक आणि अग्निशमन दलाचे जवान करतात तसं 'टॅक्टिकल' ट्रेनिंग केल्याने शरीराबरोबर मनही कणखर होतं का, आणि त्यासाठी रोज आडवं पडेपर्यंत व्यायाम करावा लागतो का. पहिल्याचं उत्तर हो, बऱ्यापैकी. दुसऱ्याचं साफ नाही.

हा गोंधळ व्हिडिओंनी केलाय. अमेरिकी नौदलाच्या कमांडोंच्या, म्हणजे नेव्ही सील्सच्या, निवडीतला 'हेल वीक' सगळ्यांनी पाहिलेला असतो. साडेपाच दिवस, सगळी मिळून चार तासही झोप नाही, थंडगार पाणी, डोक्यावर ओंडके. पण ती चाळण आहे, तालीम नव्हे. कोण टिकतं ते बघायचं, एवढाच तिचा उद्देश. तिथून बाहेर पडणारा गडी आत जाताना होता त्यापेक्षा थकलेला असतो. ताकद त्याने आधीच कमावलेली असते, नीट खाऊन आणि झोपून. तीच परीक्षा तुम्ही घरी रोज द्यायला लागलात तर गुडघे मात्र जातील.

किती ताकद लागते त्याचा अंदाज उत्तर अमेरिकेतल्या अग्निशमन भरतीच्या सीपॅट चाचणीवरून येतो. अंगात 50 पौंडांचं, म्हणजे साधारण 22.7 किलोचं जॅकेट घालून आठ प्रकार 10 मिनिटं 20 सेकंदांत उरकायचे. सुरुवातीच्या जिन्याला वर आणखी 25 पौंड. सातवा प्रकार येईपर्यंत धाप लागलेली असते, आणि तेव्हा 75 किलोचा पुतळा ओढत न्यायचा. ओढणं आणि उचलणं एकच नव्हे हे मान्य, पण ज्याचा डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून सरळ उभं राहणं) जेमतेम 80 किलो आहे तो तिथे सगळा जीव पणाला लावतो. 150 किलोवाल्याकडे शिल्लक असते. दोघांची जिद्द सारखीच धरली, तरी डोकं शांत ठेवायला सवड दुसऱ्यालाच मिळते. ज्याला आपण मनाचा कणखरपणा म्हणतो त्यातला निम्मा भाग माझ्या मते ही शिल्लकच असते.

उरलेला निम्मा श्वासाचा. केटलबेल स्नॅच, म्हणजे मुठीचं गोळ्यासारखं वजन एका झटक्यात डोक्यावर नेणं, पाच मिनिटं सलग करून बघा (तंत्र आधी कुणाकडून तरी शिका, नाहीतर मनगटावर आपटेल). तिसऱ्या मिनिटाला मूठ जळायला लागते, श्वास छातीत वरच्या वर अडकतो आणि डोकं घासाघीस सुरू करतं: अजून दहा, मग ठेवू. मी अशा वेळी केटलबेल डोक्यावर स्थिर करतो, श्वास पूर्ण सोडतो आणि मगच खाली आणतो. वेग थोडा पडतो, पण घासाघीस थांबते. यात अध्यात्म वगैरे काही नाही. आगीत घाबरलेला जवान भराभर श्वास घेतो आणि पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा लवकर संपवतो. 30 मिनिटांचं म्हणून दिलेलं सिलिंडर जोरकस कामात बऱ्याचदा 20 मिनिटंही पुरत नाही.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबाम यांनी 1970च्या दशकात मांडलेली ताण हाताळायची पद्धतही याच अंगाने जाते: आधी कौशल्य शिकवायचं, मग ताण थोडा-थोडा वाढवत न्यायचा.

नोकरी सांभाळून करायचं तर आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे ठेवा. डेडलिफ्ट, पुल-अप, डोक्यावर वजन ढकलणं, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. तीन ते पाच रेप्सचे (म्हणजे तीन-पाच वेळा सलग उचलण्याचे) मोजके सेट, आणि प्रत्येक सेट अजून दोन रेप्स निघतील अशा वेळी सोडायचा. एक दिवस पाठीवर सॅक घेऊन चाला. सुरुवातीला शरीराच्या वजनाच्या दहा टक्के पुरे. सॅक घेऊन पळू नका. कठीण, घाम काढणारा दिवस आठवड्यातून एकच, आणि तोही पहिले दीड-दोन महिने ठेवूच नका. त्या दिवशी शेवटच्या सेटनंतर धाप लागलेली असतानाच एखादं बारीक काम करून बघा, दोरीची गाठ बांधा किंवा शंभरातून सात-सात वजा करत खाली या. हात आणि डोकं कुठे गडबडतात ते लगेच कळतं.

प्रश्नात तुम्ही सततच्या घालमेलीचाही ओझरता उल्लेख केलाय. झोप उडण्याइतकी ती असेल तर व्यायाम चालू ठेवा, पण त्यासाठी तज्ज्ञाला वेगळं भेटा. ते काम डेडलिफ्टवर सोपवू नका.