सांगलीत राहून 'न्यायापर्यंत पोहोच' या विषयावर पीएच.डी. करता येईल का? की पुण्या-मुंबईलाच जावं लागेल?

सांगलीतच करा. या विषयासाठी सध्या याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालंय. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आता तिकडे जातात. त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या जतच्या शेतकऱ्याला वाटपाच्या दाव्यातल्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची. रात्रीची एसटी, सकाळी वकिलाचं ऑफिस, आणि एवढं करून पदरात काय, तर पुढची तारीख! हा खर्च कुठल्याच निकालपत्रात दिसत नाही. तो पक्षकारांना भेटूनच मोजावा लागेल, आणि ते काम तुम्ही इथे राहूनच करू शकता.

पुणे जिल्हा अजून मुंबईलाच जोडलेला आहे. म्हणून सांगलीतला आधीचा आणि नंतरचा फरक पुण्यातल्या फरकाशी ताडून बघा. कंपन्यांच्या वित्तव्यवहारावरचे संशोधक नव्या कायद्याचा परिणाम याच पद्धतीने मोजतात, तेव्हा त्यांचे पेपर जरूर वाचा. जिल्हावार प्रलंबित खटल्यांचे आकडे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या न्यायालयीन आकडेवारीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात.

मेंदूविज्ञान मात्र यात ओढू नका. दमलेले न्यायाधीश जामीन नाकारतात वगैरे वाचायला छान वाटतं, पण असे दावे ज्याच्या आधारे केले जातात त्या २०११ च्या इस्रायलमधल्या पॅरोलच्या गाजलेल्या अभ्यासावर, प्रकरणांचा क्रमच मुळात यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा) नव्हता, असा आक्षेप लगेच आला होता.

सुरुवात गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून करा.