जहाजांचा प्रश्न विचारून पाहा

ऐरोलीच्या एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मुलगा अकरावी सायन्सला आहे, ठाण्याच्या कॉलेजात. बाबांचा अडगळीतला लॅपटॉप, टीव्ही बघायची जुनी यूएसबी स्टिक आणि डिशवाल्याने टाकून दिलेली केबल जोडून त्याने गच्चीत विमानं टिपणारं यंत्र बनवलंय. तीन आठवडे पडद्यावर काही उमटत नव्हतं, तरी उठायचा नाही. मग कसलासा गेन कमी केला म्हणे, आणि विमानं दिसायला लागली. सहामाहीत गणितात काठावर पास झाला. त्याचे बाबा म्हणतात, हे सगळं भंगारात देऊ आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तयारीला लावू. मला वाटतं, त्याला पायलट व्हायचं असेल. काय करावं?"

ताई, भंगारात काही देऊ नका.

गेनची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत, मी मात्र त्याच ओळीवर थांबलो. आकाशातलं विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपला ठावठिकाणा सेकंदाला साधारण दोनदा सांगत असतं. एक संदेश ११२ बिटांचा, १२० मायक्रोसेकंदांत संपणारा. तो झेलणारी स्टिक बनली होती टीव्हीसाठी. तिच्यातली चिप कच्चा सिग्नल जसाच्या तसा संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं आणि स्वस्तातला रेडिओ घरोघरी पोचला. आता तुमच्याकडची अडचण बघा. आजूबाजूच्या गच्च्यांवर मोबाइलचे टॉवर असणार. ऐकू येत नाही म्हटल्यावर आपण सगळेच आवाज वाढवतो. पण गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते, वाढवला की टॉवरचा दणदणाटही वाढतो, स्टिक बधिर होते आणि विमानाचा क्षीण संदेश त्यात बुडून जातो. म्हणजे उपाय उलटा होता, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तो करून पाहिला. कुठे वाचून केला असेल तरी बिघडत नाही. वाचलेलं आपल्याच अडचणीला लागू पडतंय हे ओळखावं लागतं, आणि तीन आठवडे अपयश सोसून ओळखणं मोठ्यांनाही जमत नाही.

पायलटचं मात्र एवढ्यात ठरवू नका. त्याला नेमकं काय धरून ठेवतंय, विमान की संदेश, हे मला पत्रावरून कळत नाही आणि बहुधा त्यालाही अजून कळलेलं नसेल. म्हणून रविवारी, तो गच्चीत असताना, सहज विचारा: "विमानांऐवजी जहाजं पकडता येतील का रे?" उरणजवळच्या जेएनपीए बंदरात येणारी-जाणारी जहाजंही आपली जागा रेडिओवर सांगतात, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास. तीच स्टिक चालते. अँटेनाची तार तेवढी सुमारे ६.९ सेंटिमीटरऐवजी ४६ सेंटिमीटर लागते. ऐरोलीपर्यंत त्यातल्या किती जहाजांचे संदेश पोचतात ते त्यालाच शोधू दे.

डोळे चमकले आणि तो तार मोजायला धावला, तर त्याचा जीव रेडिओत आहे. मग शाखा ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार, कॉम्प्युटर नव्हे. एमएचटी-सीईटी नीट द्यावी, आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्डची तयारी झेपत असेल तर तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ संस्थेतल्या एव्हिऑनिक्सचाही, म्हणजे विमान-अवकाशयानांतल्या इलेक्ट्रॉनिक्सचाही, विचार करावा. त्याला एकदा नारायणगावजवळच्या खोडदला घेऊन जा. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून येणारे रेडिओ तरंग ऐकतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, त्या वेळी गेलात तर उत्तमच.

"जहाजं कशाला?" म्हणाला, तर ओढ विमानांची आहे. तरी रस्ता फक्त कॉकपिटकडे जात नाही. विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरला डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक खात्याचा परवाना लागतो, त्यातला बी२ हा विभाग इलेक्ट्रॉनिक्सचाच. हवाई वाहतूक नियंत्रक व्हायला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी चालते. विमानतळ प्राधिकरण इंजिनिअरिंगनंतरच्या 'गेट' परीक्षेच्या गुणांवर इलेक्ट्रॉनिक्सचे अधिकारीही घेतं. रडार, दळणवळण, दिशादर्शन ही यंत्रणा त्यांच्या हातात असते. मला खरं सांगायचं तर, दोन्ही ओढी असलेल्या मुलासाठी याहून जवळचं काम चटकन आठवत नाही.

गणिताची काळजी रास्त आहे, कारण यातला एकही रस्ता गणित टाळून जात नाही. पण 'यंत्र बंद, गणित चालू' असा सौदा करू नका, त्याने दोन्ही जातील. तो गेन ज्या डेसिबलमध्ये मोजतो तो लॉगॅरिदम आहे. तार ६.९ सेंटिमीटरचीच का, हे त्याला वहीत मांडून दाखवायला सांगा: प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता, त्याचा चौथा भाग. पूर्वेची कमी उंचीवरची विमानं पारसिकच्या डोंगराआड किती अंशांपर्यंत लपतात, ही त्रिकोणमिती. रोज किती वाजता काय बदललं आणि काय दिसलं, याचीही वही ठेवू दे. पुढे मुलाखतीत ती सर्टिफिकेटांपेक्षा उपयोगी पडेल. वेळेचं म्हणाल, तर आठवड्यात दोन संध्याकाळी आणि रविवार त्याचा, बाकी दिवस अभ्यास. हे वेळापत्रक त्याने लिहावं, तुम्ही नव्हे.

त्याच्या बाबांना गच्चीत बोलवा. लॅपटॉप त्यांचाच आहे. आपण टाकून दिलेल्या वस्तूवर वाशी-कोपरखैरण्यावरून मुंबईला उतरणारं विमान उमटताना त्यांनी बघितलंय का, हे तुमच्या पत्रात नाही. बघितलं नसेल तर आधी ते होऊ दे, शाखेचं बोलणं नंतर.

दोन कामं मात्र लगेच. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची लेखी परवानगी घ्या, आणि जूनच्या आधी अँटेना उतरवा. विजांच्या दिवसांत उघड्या गच्चीत धातूची काठी नको. शिवाय त्याने फक्त ऐकायचं, काहीही प्रक्षेपित करायचं नाही हे बजावून ठेवा. ती हौस वाटली तर हॅम, म्हणजे हौशी, रेडिओची सरकारी परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते, ती खुशाल देऊ दे.

जहाजांच्या प्रश्नावर तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून पाठवा. मग कॉलेजांच्या यादीचं बघू.