प्रभूने त्याला सांगितलं, मला का नाही?

प्रश्न: ख्रिस्ती जीवनात देवाच्या मार्गदर्शनाने नाती कशी जोडावीत? आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मुलाला माझ्याविषयी वचन मिळालंय, म्हणजे बायबलमधल्या एका ओळीतून देवाने त्याला माझ्याशी लग्न कर असं सांगितलं, असं तो म्हणतो. मला काहीच मिळालेलं नाही. घरचे म्हणतात, उपास कर, मग कळेल. येत्या रविवारी उपासनेनंतर चर्चची वडीलमंडळी आम्हा दोघांना बसवून बोलणार आहेत.

उत्तर: मी तुझ्याहून निदान पंचवीस वर्षांनी मोठी असेन, म्हणून 'तू' म्हणते. तुझं 'मला काहीच मिळालेलं नाही' हे वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

तुला काही मिळालेलं नाही, हेच तुझं उत्तर आहे. निदान आजचं तरी.

1997 सालची गोष्ट. आम्ही भायखळ्याला राहायचो, मी फोर्टला एका ऑफिसात टायपिस्ट होते. दर गुरुवारी आमच्या घरी प्रार्थनासभा असायची. दोन खोल्यांचं घर. खाट उभी करून भिंतीला लावायची, सतरंजी अंथरायची, पंधरा-सोळा माणसं मांडीला मांडी लावून बसायची. त्यात पेटी वाजवणारा एक जण होता. निर्व्यसनी, बँकेत नोकरी, आवाज चांगला. एका गुरुवारी सभा संपल्यावर मी कपबश्या गोळा करत होते, तेव्हा त्याने त्याचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून माझ्यापुढे धरलं. उत्पत्तीचा 24 वा अध्याय, अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी मुलगी शोधायला जातो तो. सेवक देवाकडे योग्य मुलीची खूण मागतो त्या 14 व्या वचनाशेजारी समासात पेन्सिलीने माझ्या नावाचं पहिलं अक्षर होतं आणि पुढे तारीख. तारीख चार महिन्यांपूर्वीची.

"प्रभूने त्या दिवशी मला तुझ्याविषयी हे वचन दिलं," तो म्हणाला. "तीन दिवस उपास केला. खात्री झाली म्हणून सांगतोय."

मी ट्रे घेऊन आत गेले. मग हळूहळू कळलं की त्याने हे आधी दादाला सांगितलं होतं, दादाने बाबांना, आणि बाबांनी सभा चालवणाऱ्या काकांना. चार महिने दर गुरुवारी मी चहा देत होते आणि सतरंजीवरच्या निम्म्या लोकांना माझं लग्न ठरल्याचं ठाऊक होतं.

मी प्रार्थना केली नाही असं समजू नकोस. शुक्रवारचे उपास केले. रात्री उठून गुडघ्यांवर बसले. मला काही ऐकू आलं नाही, आणि तो माणूस समोर आला की बोलावंसंही वाटेना. दीड महिन्याने मी नाही म्हणून सांगितलं.

आपला समाज केवढासा, तुला माहीत आहे. मुंबईतले आपण मोजके, सोयरिकी नगर-जालना-कोल्हापूरला. भायखळ्यात मुलीने नाही म्हटलं की रविवारपर्यंत नगरला कळलेलं असतं. पुढच्या सभेत काकांनी मोठ्याने प्रार्थना केली, "आमच्या एका बहिणीचं कठीण अंतःकरण मऊ कर." सगळ्यांचे डोळे मिटलेले, तरी सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटलं. दादा म्हणाला, "तू त्याला नाही म्हणाली नाहीस, देवाला म्हणालीस." बाबांनी बोलणं टाकलं. आठ महिने.

मला त्यातून बाहेर काढलं मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्यांनी समजूत घातली नाही. शाळेत विचारतात तसं विचारलं, "मरीयेला दूताने सांगितलं. योसेफाला कोणी सांगितलं?" म्हटलं, "दूतानेच, स्वप्नात." "मरीयेने जाऊन का नाही सांगितलं, की देवाने मला सांगितलंय, आता तू मान?" मग म्हणाल्या, प्रेषितांची कृत्यं काढ. नवव्या अध्यायात हनन्या नावाच्या शिष्याला ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाकडे पाठवलं, पण त्याच्या आधी शौलालाही हनन्या येताना दृष्टान्तात दिसला होता. दहाव्यात कैसरिया गावी कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याला सांगितलं आणि यापो गावी येशूचा शिष्य पेत्र यालाही, भरदुपारी, गच्चीवर. जिथे दोन माणसांना एकमेकांच्या दारात आणायचं होतं तिथे देवाने दोघांनाही सांगितलं. मग मावशींनी तोच उत्पत्ती 24 उघडला. 58 वं वचन. घरचे लोक रिबेकेला बोलावून विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? आणि ती स्वतःच्या तोंडाने म्हणते, जाते.

त्याची पेन्सिल 14 व्या वचनावरच थांबली होती.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे, की सेवकाला विहिरीपाशी खूण पटली तिथेच सगळं ठरलं, पुढचं विचारणं म्हणजे रीत. रीत असती तर मोशेने ते लिहून ठेवलं नसतं. रिबेकेच्या भावाला आणि आईला तर तिला आणखी दहा दिवस ठेवून घ्यायचं होतं, सेवकाला घाई होती, म्हणून तिच्यावरच सोपवलं. तेव्हाच्या काळात, तंबूत राहणाऱ्या लोकांनी विचारलं. आपण दोन खोल्यांत राहणाऱ्यांनी विचारलं नाही, दादा.

टिळकांचं उदाहरण तर आपल्या घरचं. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये इथेच मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं सुटलेलं नव्हतं. नवऱ्याला प्रभू भेटला म्हणून त्यांना भेटल्यासारखं झालं नाही. त्यांना वेळ लागला, आणि तो मिळाला.

बाबांचं सांगायचं राहिलं. त्या आठ महिन्यांत बाबांनी प्रभूभोजन, म्हणजे उपासनेत वाटतात ती भाकर आणि द्राक्षरस, घेतलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट फिरत त्यांच्यापाशी आलं की ते पुढे सरकवायचे. मी बायकांच्या बाजूने बघायची. मला वाटायचं, माझ्यामुळे लाज वाटते म्हणून. एका शनिवारी रात्री मी त्यांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. ते येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या मला प्रभूभोजन घ्यायचंय." मी म्हटलं, घ्या ना. म्हणाले, "तसं नाही घेता येत. आधी तुझ्याकडे यायला पाहिजे होतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलंय, वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी जाऊन समेट कर. मी आठ महिने वाचतोय." मग खुर्ची ओढून बसले. शर्टाची बाही इस्त्रीखाली पिवळी पडली, तरी दुसऱ्या दिवशी तोच घातला.

देवाच्या मार्गदर्शनाने नातं कसं जोडलं जातं असं तू विचारलंस. मी डोळ्यांनी पाहिलेलं हे एक, आणि ते लग्नाचं नव्हतं. मैत्रिणी, शेजारी, ऑफिसातले लोक यांच्याशी कसं वागावं हे पाळक दर रविवारी सांगतातच, त्यावर मी वेगळं काय लिहू.

आता काही गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. तो माणूस वाईट नव्हता. पुढे त्याचं लग्न झालं, संसार चांगला चाललाय. वचन मिळणं खोटं असतंच असंही माझं म्हणणं नाही. माझ्या नणंदेचं लग्न असंच जुळलं, पण तिला तिचं वचन तिच्या वाचनात मिळालं होतं, कोणी आणून दिलं नव्हतं. उपासही कर, जरूर कर, फक्त 'हो' येईपर्यंत कर असं कोणी सांगत असेल तर तो उपास त्यांचा आहे, तुझा नाही. आणि तू कॅथलिक असशील तर तुमच्याकडच्या पद्धती वेगळ्या, फादरांशी बोल.

रविवारी एकटी जाऊ नकोस. मंडळीत जिच्यासमोर तू रडू शकतेस अशी एक मोठी बाई बरोबर ने. वडीलमंडळींपुढे त्याला एवढंच विचार, की मला सांगण्याआधी तू हे कोणाकोणाला सांगितलंस? आणि सांग, की मला कळेपर्यंत सभेत या विषयावर कोणी मोठ्याने प्रार्थना करायची नाही. त्यावर तो काय करतो ते नीट बघ. चांगला असेल तर थांबेल. लग्नाच्या उपासनेत पाळक तुला वेगळं विचारतील आणि त्याला वेगळं. तिथे 'हो' तुलाच म्हणायचंय, तेव्हा आत्ताचं 'थांबा'ही तूच म्हण. आईशी बोलणं जड जात असेल तर उत्पत्ती 24 तिच्यासमोर ठेव आणि 58 व्या वचनापर्यंत मोठ्याने वाचायला सांग.