टोपणनावामागचे नाव ओळखताना
आमच्या कोजागिरीच्या बैठकीला आपण प्रथमच येत आहात, म्हणून सांगतो: नाव ओळखण्याच्या खेळात ‘कुसुमाग्रज’ विचारू नका, कारण प्रश्न संपण्याआधीच कोणीतरी ‘वि. वा. शिरवाडकर’ म्हणून मोकळे होते. त्याऐवजी ‘आरती प्रभू’ घ्या. ‘बाई की बुवा?’ हा प्रश्न हटकून येतो आणि मंडळी चिं. त्र्यं. खानोलकरांपर्यंत पोहोचेतो मसाला दुधाची दुसरी फेरी होते. ‘ग्रेस’ म्हणजे माणिक गोडघाटे, हे ओळखण्यासाठी ‘नागपूर’ एवढाच दुवा पुरे. मात्र टोपणनावाने वावरणाऱ्या एखाद्या उपस्थित मित्राच्या खऱ्या नावाकडे गप्पांची गाडी वळली, तर विषय बदलावा. मी एकदा असे नाव बोलून बसलो आणि तो मित्र दोन महिने फिरकला नाही.