वाचकांचे प्रश्न : दिवाळीचे पत्ते आणि मोबाइलवरची रमी

प्रश्न : लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तीनपत्ती रंगते. यंदा दर डावातून 20 रुपये चहा-फराळाला काढायचं घाटतंय. काही जैन आणि बोहरी सभासदांचा विरोध आहे. पोलिसांचं लचांड मागे लागेल का?
– सोसायटीचे सचिव, नाशिक रोड

उत्तर : ते 20 रुपयेच गोत्यात आणतील. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पत्त्यांची जागा 'अड्डा' ठरते ती जागेच्या किंवा पत्त्यांच्या वापरातून ती चालवणाऱ्याला पैसा सुटतो का, यावर. खेळणारे जिला नाल म्हणतात ती डावामागची कपात हीच, मग तिला फराळ म्हणा की देणगी. रीतसर धाडीत पत्ते-रोकड सापडली की अड्डा गृहीत धरतात. नव्हता हे तुम्ही दाखवायचं. 'सण होता' हा बचाव चालत नाही.

'मग रमी खेळू' ही पळवाटही अर्धीच. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रमी कौशल्याची आणि तीनपत्ती निव्वळ नशिबाची मानली; पण डावावर जागामालक कमावत असेल तर रमीही गुन्हा ठरू शकते, असंही बजावलं.

तेव्हा फराळ यजमानाच्या खिशातून, आणि खेळ घरात. पार्किंगमध्ये, गेटपाशी नको. लोकांची ये-जा असलेल्या जागी नाल नसली तरी त्याच 1887 च्या कायद्याचं कलम 12 लागतं. हॉलवर विरोधकांचाही तेवढाच हक्क आहे. जैनांच्या सप्तव्यसनांत द्यूत पहिलंच, इस्लामला जुगार निषिद्ध. त्यांच्या वर्गणीच्या हॉलमध्ये डाव मांडू नयेच.

उधारीवर तर खेळूच नका. करार कायद्याच्या कलम 30 मुळे जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल होत नाही. आपल्याकडे 1865 च्या मुंबई कायद्यामुळे जुगारासाठी दिलेलं उसनंही बुडतं.

प्रश्न : धाकटा भाऊ टेलिग्रामवरच्या लिंकवरून पैसे लावून रमी खेळतो. पगार पुरत नाही. तक्रार केली तर तोच अडकेल का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : नाही. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अ‍ॅप चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बँकेचं स्टेटमेंट काढा. दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर पैसे गेले असतील तर ती बहुधा भाड्याची खाती, म्हणजे ठगांनी पैसा फिरवायला दुसऱ्यांकडून घेतलेली. जिंकलेली रक्कम अडवून आणखी 'शुल्क' मागत असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. पैसा पुढच्या खात्यात सरकला की गोठवणं अवघड होतं. यूपीआयचं ऑटोपे बंद करा.

त्याचं कर्ज मात्र रोख हातात देऊन फेडू नका, थेट देणेकऱ्याला द्या. 'गेलेले तेवढे काढतो आणि सोडतो' असं तो म्हणत असेल तर हा आजारच समजा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि 'बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा' म्हणणारा फोन येईलच. तो उचलू नका.