निकोटीन गम, धूर आणि फ्लू

आपल्या भावाने सिगारेट सोडून निकोटीन गम (तल्लफ भागवण्यासाठी चघळायचा, निकोटीन असलेला गम) सुरू केला आहे आणि त्या निकोटीनमुळेच त्याला फ्लू लवकर होईल का, अशी शंका आपण विचारली आहे. यात धूर आणि निकोटीन यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो, कारण भक्कम पुरावा आहे तो धुराविरुद्ध.

इस्रायली सैन्याच्या एका तुकडीत एच१एन१ फ्लूची साथ आली, तेव्हा ३३६ निरोगी तरुणांची पाहणी झाली आणि ती १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ६८.५ टक्के, तर न करणाऱ्यांपैकी ४७.२ टक्के जवान आजारी पडले. श्वासनलिकेच्या अस्तरावरील केसांसारखे सूक्ष्म तंतू कफात अडकलेले जंतू सतत घशाकडे लोटत असतात. धुरातील विषारी द्रव्यांनी हे तंतू मंदावतात, झडतात, आणि विषाणूला आत टिकून राहायला वेळ मिळतो. गममध्ये धूर नसल्यामुळे ही इजा होत नाही.

निकोटीन मात्र अगदी निरुपद्रवी नाही. प्रतिकार करणाऱ्या काही पेशींवर त्याला प्रतिसाद देणारी ग्राहके (रिसेप्टर) असतात आणि ती उद्दीपित झाली की दाह वाढवणारी रसायने कमी स्रवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. दाह विषाणूशी लढायला लागतो आणि अतिरेक झाला तर फुप्फुसाचे नुकसानही करतो, म्हणून एवढ्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. २०२० मध्ये फ्रान्समध्ये, रुग्णालयांतील कोविड रुग्णांत धूम्रपान करणारे कमी दिसतात म्हणून, निकोटीन संरक्षण देत असावे असा तर्क मांडला गेला. गंभीर रुग्णांच्या सवयींची नोंद अनेकदा अपुरी असते, हे तेव्हा पुरेसे लक्षात घेतले गेले नाही, असे मला वाटते. पुढे व्हेंटिलेटरवरील रुग्णांना निकोटीनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) लावून रीतसर चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले आणि मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. 'तंबाखूने कोरोना होत नाही' असे आपल्याकडे कोणी सांगत असेल, तर त्याला आधार नाही.

म्हणून भावाने फ्लूच्या भीतीने गम सोडू नये, आणि त्याऐवजी तंबाखू-चुना किंवा व्हेपकडे (ई-सिगारेटकडे) तर मुळीच वळू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी. सिगारेट सुटल्यावर सुरुवातीला काहींचा खोकला वाढतो. त्याचा दोष गमला देऊ नये, पण ताप किंवा धाप असेल तर लगेच तपासून घ्यावे.